मागे टाकलेलं पाऊल

आत्या, तू गेल्यापासून घरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस आधी फरशीकडे बघतं. मग न्हाणीच्या दाराकडे, मग परसातल्या पायऱ्यांकडे. बसता बसता विचारतं, "कुठं पडल्या?"

पडली नाही, मी सांगते. सकाळी खुर्चीत बसली होती, चहा झाला होता, मांडीवर वर्तमानपत्र होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

समोरच्या काकूंना ते पटलं नाही. "तसं न्हवं, आधी कवातरी पडल्या असतील की. आतल्या आत मार बसतोय." त्यांना खात्रीच होती. त्याही आता सत्तरीच्या पुढे गेल्यात. आमच्या दारातून त्यांच्या दारापर्यंत जाताना मी त्यांना बघत राहिले. कुंपणाच्या भिंतीला हात लावत लावत गेल्या.

परवा आईच्या हातून परात निसटली. अण्णा बाहेरून धावत आले, मी आतल्या खोलीतून. आई ओट्याशी तशीच उभी. तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. ज्या माणसासाठी घाबरायचं ते माणूस घरात नाही, पण घाबरणं कुठं गेलेलं नाही. ते आता आमच्यापैकी एकेकाला निरखून बघतंय.

तुझ्यावर लिहायचं म्हणजे तुझ्या चळवळीवर लिहायचं, असं तुझे कार्यकर्ते म्हणतात. ते त्यांनी लिहावं. मला ती गोष्ट लिहायचीय जी शोकसभेत कुणी बोलणार नाही, कारण ती फार लहान आहे. ती तुझ्या पायांची गोष्ट आहे.

मी अक्षरं शिकले ती तुझ्या पत्रकांवर. पिवळा, गुलाबी, पोपटी, पातळ कागद, बोटाला लागणारी शाई. दुसऱ्यांच्या घरात मुलांना चांदोबा भेटायचा, मला 'टाकून दिलेल्या बाईला घरात वाटा मिळालाच पाहिजे' भेटलं. त्यातलं एक पत्रक अजून जसंच्या तसं पाठ आहे. 'कुणाच्या पाया पडू नका. कुणाला पाया पडू देऊ नका. हात जोडा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघा.' खाली तुझं नाव.

आणि तू ते नुसतं लिहिलं नव्हतंस. कुणी वाकलं की तुझे पाय आपोआप मागे जायचे, तापल्या तव्याला बोट लागावं तसे. नवी नवरी असो, परीक्षेला निघालेली मुलगी असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो. शिराळ्याचे तुझे एक जुने सहकारी म्हणायचे, "बाईंच्या पाया पडायचं म्हंजे पळत जाऊन गाठावं लागतंय." सगळे हसायचे. मला अभिमान वाटायचा. बाकीच्यांच्या घरातली म्हातारी माणसं आशीर्वादाचा हात वर करून बसायची. आमच्या घरातली बाई मागे सरायची.

पहिल्यांदा तू पडलीस ती सत्काराच्या व्यासपीठावर. कवठे महांकाळला एका शाळेत कार्यक्रम होता. शाल, नारळ झालं आणि शिक्षिकांनी सांगितलं म्हणून मुली रांगेनं वाकायला लागल्या. पहिलीला तू अडवलंस, दुसरीला हात धरून उठवलंस, पुढची वाकली तेव्हा तू मागे सरलीस आणि मागे खुर्ची होती. मनगट सुजलं, बाकी काही नाही. परतीच्या गाडीत तूच हसत होतीस. "पोलिसांच्या लाठीनं पडली न्हाई, आन् शाळंतल्या पोरींनी पाडली."

दुसऱ्यांदा घरातच. शेजारची नवी सून हळदीकुंकवाला आली आणि पटकन वाकली. या वेळी मागे भिंत होती म्हणून वाचलीस. भिंतीवरून घसरत खाली बसलीस.

तिसऱ्यांदा कुणीच वाकलं नव्हतं. तू बाहेरून आलीस, उंबऱ्यापाशी एका पायावर उभी राहून चप्पल काढत होतीस, आणि मागे गेलीस. पाठ आपटली. अण्णांनी उचललं तेव्हा तू हसली नाहीस. फरशीकडे बघत होतीस, कुणी ओळखीच्यानं दगा दिल्यासारखी.

त्यानंतर आमंत्रणं नाकारायला लागलीस. पण भीती वाटते असं कधी म्हणाली नाहीस. "आता तरुणांनी बोलावं. आम्ही किती दिवस माईक अडवायचा?" म्हणायचीस. कार्यकर्त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी बैठकीत तुझं अभिनंदन केलं. भीतीला तत्त्वाचे कपडे घातले की आपल्यासारख्या लोकांत तिला फार मान मिळतो.

घरात मात्र भिंती सांगत होत्या. स्वयंपाकघरातून तुझ्या खोलीपर्यंत, कमरेच्या थोडं वर, रंगावर तळव्याचा तेलकट पट्टा उमटला होता. तू कुठून कुठं जातेस आणि कुठं जायचं सोडून दिलंस, ते त्या पट्ट्यावरून कळायचं. परसदाराच्या अलीकडे तो संपत होता.

अण्णांनी उपाय काढला तो आपल्याकडे सगळे काढतात तोच. "आक्का, तू बस. उठू नगं. काय पाहिजे ते सांग, हितं येतंय." तुझ्यासाठी वेताची खुर्ची आली. पाणी खुर्चीत, जेवण खुर्चीत. हाक मारून घसा दुखू नये म्हणून घंटी द्यायचं ठरलं. देवळातली घंटा तू आयुष्यात वाजवली नाहीस, म्हणून अण्णांनी माझ्या जुन्या सायकलची घंटी काढून खुर्चीच्या हाताला बसवली. तू एकदाच वाजवलीस. आई धावत आली तर म्हणालीस, "काय न्हाई. आगगाडी सुटतीय का बघितलं."

तो पावसाळा तू खुर्चीत काढलास. दिवाळीपर्यंत तुझ्या पोटऱ्या इतक्या बारीक झाल्या की साडीच्या काठाखाली बघवत नव्हतं. आधी तू पडत होतीस. आता उठताच येत नव्हतं. अण्णांना ते सुरक्षित वाटत होतं. खरंच सांगते आत्या, त्या दिवसांत मला सर्वांत जास्त भीती अण्णांच्या प्रेमाची वाटायची.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं, सांगलीतच एक फिजिओथेरपीच्या मॅडम आहेत, त्यांना दाखवा. तू म्हणालीस, "मालिशवाली नगं मला."

मॅडमचं नाव पद्मश्री. तू नाव ऐकलंस आणि तिथंच विचारलंस, "सरकारनं दिली का आई-बापानं?"

"आईनं," त्या म्हणाल्या. "सरकार आमच्या गल्लीत यायचंय अजून. बसा, आजी."

"आजी नगं म्हणू. मला नातवंडं न्हाईत."

"मग काय म्हणू?"

"बाई म्हण. सगळा तालुका म्हणतोय."

मालिश झाली नाही. त्यांनी तुला खुर्चीतून हात न लावता उठायला सांगितलं आणि तुला उठता आलं नाही. दोन्ही पाय जुळवून उभं राहायला सांगितलं, मग डोळे मिटायला. डोळे मिटल्याबरोबर तू डोलायला लागलीस, मोहरमातल्या ताबुतासारखी. मॅडमनी तुझ्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला होता, त्यांचा एक हात त्या पट्ट्यात होता आणि दुसरा हवेत, तुझ्यापासून वीतभर. नायलॉनच्या दोऱ्यानं त्यांनी तुझे अंगठे टोचून बघितले. तू छताकडे बघत म्हणालीस, "टोच की. कवा टोचणार?" त्या टोचून बाजूला झाल्या होत्या. रक्तातल्या साखरेनं तुझ्या पायाच्या बोटांतली जाणीव गेली होती. पायाखाली फरशी आहे का वाळू, ते तुला डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आडवं झोपवून रक्तदाब बघितला, लगेच उभं करून पुन्हा बघितला, डॉक्टरांना फोन करून गोळीची वेळ बदलून घेतली. मग समोर स्टूल ओढून बसल्या. "बाई, कधी कधी पडलात? पडताना काय करत होता? सगळं सांगा."

तू सांगितलंस. त्या ऐकता ऐकता थांबल्या. "सगळ्या वेळी मागंच पडलात?"

"व्हय. का?"

त्यांनी मला तुझ्या मागे उभं केलं, पट्टा घट्ट धरायला लावला, आणि काही कळायच्या आत तुझ्यासमोर वाकल्या. तू मागे आलीस. चार-पाच बारीक, घाबरी पावलं, एकमेकांत अडकणारी, आणि तुझं सगळं वजन माझ्या छातीवर. मी तुला धरून उभी होते आणि तुझ्या पाठीतून तुझ्या काळजाचे ठोके मला लागत होते.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मॅडमनी वाकल्या वाकल्याच विचारलं.

"मीच शिकवलं," तू म्हणालीस. "साऱ्या महाराष्ट्राला."

मॅडम हसल्या नाहीत. म्हातारपणी मागे पाऊल टाकणं सर्वांत अवघड, त्यांनी सांगितलं. मागे डोळे नसतात, टाचेच्या मागे पायच नसतो, आणि घाबरलेला माणूस एक पाऊल टाकायच्या ऐवजी दहा टाकतो. दोनच रस्ते आहेत. लोकांना वाकू द्या आणि खांब धरून जागेवर उभ्या राहा. नाहीतर मागे पाऊल टाकायला नव्यानं शिका.

"पहिला रस्ता बंद हाय," तू म्हणालीस.

"दुसरा कष्टाचा आहे, बाई. आणि शिकताना भीती वाटणार. भीती वाटली नाही तर शिकणं होत नाही."

"भ्या कुणाला वाटतंय?" तू म्हणालीस, आणि पट्ट्यातली माझी बोटं तुझ्या हातानं घट्ट दाबून धरलीस.

मग आपलं घर शाळा झालं. ओटा धरून टाचा उचलायच्या. खुर्चीतून उठायचं, बसायचं, हात छातीशी बांधून. एका पावलापुढे दुसरं ठेवून शेतातल्या बांधावरून चालल्यासारखं व्हरांड्यात चालायचं. मग उलटं चालायचं. मग सर्वांत वाईट: मी पट्ट्याला हळूच मागे हिसका द्यायचा आणि तू एकच पाऊल टाकायचं. एकच, मोठं, मागे. मॅडम म्हणायच्या, "बारीक नको बाई, उसाची सरी ओलांडता तसं."

घरात पायात मागून पट्टा असलेले कापडी बूट घालायचे, असंही त्यांनी सांगितलं होतं. आई अवघडली. स्वयंपाकघरात पायताण तिनं आजवर कुणाला घालू दिलं नव्हतं. शेवटी ते बूट आईनंच धुतले, वाळवले आणि 'हे बाहेर न्यायचे नाहीत' असं सांगून तुझ्या पायात घातले. चळवळीत इतकी वर्षं काढून मी आईच्या त्या हाताइतकी क्रांती करू शकलेली नाही.

अण्णांना मात्र बघवायचं नाही. व्यायामाची वेळ झाली की ते दूध आणायला निघून जायचे, घरात दूध असताना. एकदा अर्ध्यातून परत आले आणि मी हिसका देताना त्यांनी बघितलं. तुझं पाऊल चुकलं, तू गुडघ्यात गेलीस, मी धरलं. अण्णा पांढरे पडले.

"काय लावलंयस हे? चळवळ चालवतीस व्हय माझ्या बहिणीवर?"

"बसवून बसवून तुम्हीच मारणार आहात तिला," मी म्हणाले.

"बसलेलं माणूस मरत न्हाई."

"बसलेलं माणूस जगत पण नाही, अण्णा."

"हाड मोडलं तर? मिरजंला नेऊन आपरेशन करायचं, मग ती अंथरुणाला खिळंल. तू करशील? का लेख लिहशील त्याच्यावर?"

 हाडाची भीती मलाही होती. हिसका देताना दर वेळी माझ्या कानात आधीच एक आवाज यायचा, सुकं लाकूड मोडल्यासारखा. मी तो कधी ऐकलेला नाही, पण तो मला रोज ऐकू यायचा. आणि तरी मी हिसका द्यायचे. घाबरून हलका दिला तर तू ओळखायचीस. "निवडणुकीतल्या आश्वासनासारखा देऊ नगं. खरा दे."

मी एक पत्रक लिहिलं, 'बसवून ठेवणं म्हणजे सेवा नव्हे', आणि फ्रिजवर चिकटवलं. अण्णांनी ते वाचून न वाचल्यासारखं केलं. तू मात्र लाल पेन मागवलंस. "उद्गारचिन्हं काढ सगळी. घाबरलेली माणसं घालत्यात ती."

तेव्हा मला वाटलं, तू मला चिडवतेयस. खरं ते नंतर कळलं. एका दुपारी व्हरांड्यात उलटं चालता चालता तू थांबलीस, भिंतीला पाठ टेकलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला लय भ्या वाटतंय गं."

 तुझ्या तोंडून ती कबुली मी कधी ऐकली नव्हती.

"मोर्चात समोर पोलीस असायचा. त्याचं त्वांड दिसायचं, हातातली काठी दिसायची. भ्यायला काय तरी समोर असायचं. ही फरशी बघ. रोज पुसलेली, आपल्याच घरातली. ही कवा पाय वढंल सांगता येत न्हाई. रातच्याला पाण्याला उठायचं असलं तर मी तहान मारून झोपती. मोर्चातल्या बायकांना मी सांगायची, भिऊ नगा. आता कळतंय, उगंच सांगायची. भ्या आसतं. त्याला घिऊनच चालायचं असतं."

आणि मग आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही, म्हणून ते मी इथं मांडते. तू म्हणालीस, "वाकू दिलं तर काय बिघडतंय? खांब धरून हुबी ऱ्हाईन. एवढा जिवाचा आटापिटा तरी थांबंल."

मी पेटले. आयुष्यभर लिहिलेलं एका हाडाच्या भीतीनं पुसून टाकणार का, मी विचारलं. तू पाय पुढे केलास तर उद्या आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं, वाकू नका म्हणून? पत्रकातलं वाक्यन् वाक्य मी तुला ऐकवलं, तुझंच.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "पत्रकं लय वाचलीस. वाकणाऱ्या बाईचं त्वांड कवा बघितलंस?"

"वाकल्यावर तोंड दिसतं कुठं?"

"तेच म्हणतीय मी," तू म्हणालीस आणि पुन्हा उलटं चालायला लागलीस.

हळूहळू तुला खुर्चीतून हात न लावता उठता आलं. मागचं पाऊल मोठं पडायला लागलं. परसदाराच्या पलीकडे गेलीस, तुळशीकट्ट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या उलटून आलीस. राहिली फक्त एक गोष्ट, एका पायावर उभं राहणं. मॅडम म्हणाल्या होत्या, ज्या दिवशी हात न धरता एका पायावर स्थिर उभ्या राहाल, त्या दिवशी एसटीची पायरी तुमची. तुला कवठे महांकाळला एसटीनं जायचं होतं, एकटीनं, बायकांच्या मेळाव्याला. आमच्या गाडीतून पोत्यासारखं जायचं नव्हतं. पण ओट्यावरून बोटं सुटली की पाय खाली यायचा. दर वेळी. उजवा असो की डावा. तू चिडायचीस, मॅडम 'उद्या' म्हणायच्या. ते उद्यावरच राहिलं, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

यंदाच्या दसऱ्याला मी सकाळपासून घाबरले होते. आपल्याकडे दसऱ्याला सोनं द्यायला सारा गाव दारात येतो, आणि सोनं दिलं की वाकतो. म्हाताऱ्या माणसांना इतका धोक्याचा दिवस पंचांगात दुसरा नसेल. त्यात घरात विळे, पुस्तकं, अण्णांची हत्यारं पुजलेली, म्हणून आईनं विनवलं, "वन्सं, आजचा दिस तेवढे बूट नको." तू बूट काढलेस. जाणीव नसलेले पाय, उघडे, गुळगुळीत फरशीवर.

अण्णांनी दाराशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्याला सांगायला लागले, "पाया पडायचं न्हाई. लांबनंच सोनं द्या. आक्काचं तत्त्व हाय." आयुष्यभर तुझ्या तत्त्वाची चेष्टा करणारा तुझा भाऊ भीतीनं तुझा सर्वांत कडवा कार्यकर्ता झाला होता. तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. त्या एका भुवईसाठी मी आजही काहीही देईन.

मग मंगल आली. सासरच्यांनी लहान मुलीसकट तिला घराबाहेर काढलं होतं तेव्हा तू तिच्यासाठी त्यांच्या दारात ठाण मांडून बसली होतीस. आता तिची कवठे महांकाळला खानावळ आहे. तिनं अण्णांचं ऐकलंच नाही. आपट्याची पानं तुझ्या हातात दिली, "बाई, सोन्यासारख्या ऱ्हावा," म्हणाली आणि वाकली.

 अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. माझे हात पुढे गेले, पण मी चार हात लांब होते.

तू एक पाऊल टाकलंस. एकच, मोठं, मागे. डावा पाय मागे गेला, टाच टेकली, गुडघा वाकला, दोन्ही हात बाजूला उघडले. तू उभी होतीस. कुणालाही न धरता. त्या आधीच्या सगळ्या महिन्यांचं शिकणं त्या एका पावलात आलं होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

मंगल तशीच वाकलेली होती, तळवे मोकळ्या फरशीवर. तू तिच्याकडे बघत राहिलीस. मग तुझा उजवा पाय पुढे आला. वीतभर. तिनं त्याला हात लावला, कपाळाला लावला आणि उठली.

मी त्या रात्री विचारणार होते. दुसऱ्या दिवशी विचारणार होते. तो पाय तू तोल सावरायला पुढे घेतलास, की तिला दिलास? पण तू खुशीत होतीस, अण्णांना हिणवत होतीस, आणि मला भांडण काढायचं नव्हतं. चार दिवसांत तू गेलीस.

एका नातेवाइकांनी अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं, या वयात कसरती करायला लावल्या, हृदयावर ताण आला. डॉक्टरांनी तसं काही नाही म्हणून सांगितलंय. तरी मी रात्री जागी असते आणि प्रत्येक हिसका मोजते. त्या माणसाला मी काही बोलण्याआधी अण्णा म्हणाले, "माझी बहीण पायावर हुबी ऱ्हाऊन गेली. तुमी आधी जिन्याचा कठडा बशीवून घ्या घरात." आत्या, तू हे ऐकायला हवं होतंस.

तू सांगून ठेवल्याप्रमाणे कुठलेही विधी केले नाहीत. तुला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं आणि लोक रांगेनं येत होते. मी तुझ्या पायांशी उभी राहिले. तुला आता मागे सरता येणार नव्हतं, म्हणून मी. जो वाकेल त्याला सांगत होते, हात जोडा. बहुतेकांनी ऐकलं. मंगल पहिल्या एसटीनं आली. ती वाकायला लागली तेव्हा मी तिच्या खांद्याला धरलं. "मंगलताई, हात जोडा. आत्याला आवडायचं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. हात जोडले आणि बाहेर गेली.

पद्मश्री मॅडम भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना दसऱ्याच्या पायाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, तोल सावरायला पाय पुढे येतो तेव्हा त्याच्यावर वजन येतं, तळवा फरशीला दाबून बसतो. नुसता पुढे केलेला पाय हलका असतो. "पण लांबून बघून ते कळत नाही. हात जिचा होता तिलाच कळणार."

मला जायची भीती वाटत होती. काल गेले. मंगल खानावळीत भाकरी थापत होती. गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून ती थांबली नाही. मी बाजूला उभी राहूनच विचारलं. दसऱ्याला तुम्ही हात लावलात, तेव्हा आत्याच्या पायावर भार होता का?

"भार कुठला, ताई," ती म्हणाली. "पाय वर व्हता की. वाईच उचलून धरला व्हता माझ्यासाठी. माझी बोटं पार तळव्याखाली गेली."

म्हणजे तू एका पायावर उभी होतीस, आत्या. ओटा न धरता, बूट नसताना, ज्या बोटांना तिचा स्पर्श कळणारही नव्हता ती बोटं तिला देऊन. ते ऐकलं आणि मी खांब धरला. तू पडली असतीस तर.

"आत्यानं दिला होता तो पाय तुम्हाला," मी म्हणाले. "मग त्या दिवशी मी अडवलं, तेव्हा बोलला का नाहीत?"

मंगलनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तुमी म्हणाला, हात जोडा," ती म्हणाली. "जोडले मी."